लहान मुलाच्या दाताचं काम निघालंय? घरापासून खुर्चीपर्यंत आणि परत

माझ्या लेकीच्या खालच्या डाव्या दाढेला कीड लागली तेव्हा ती साडेचार वर्षांची होती. पहिल्या दवाखान्यात तिथल्या दोघींनी तिचे हात धरले, पाय मी धरले. डॉक्टरांनी जमेल तेवढं कोरलं आणि 'मुलगी अजिबात ऐकत नाही हो' म्हणत आमची बोळवण केली. पुढचे चार महिने घरी कुणी पांढरा शर्ट घालून आलं तरी ती सोफ्यामागे जाऊन बसायची. दुसऱ्या ठिकाणी त्याच दाढेचं काम चार फेऱ्यांत झालं. शेवटच्या फेरीला ती माझा हात सोडून स्वतः खुर्चीवर चढली. मूल तेच, दाढ तीच आणि औषधंही जवळपास तीच. मधल्या काळात जे समजलं ते इथे क्रमाने लिहितोय. मी डॉक्टर नाही. औषधांचे आकडे दिलेत ते तुम्हाला डॉक्टरांना नीट प्रश्न विचारता यावेत म्हणून, घरी प्रयोग करण्यासाठी नव्हे.

१. 'दुधाचाच दात आहे' हे वाक्य आधी विसरा

आमचे चार महिने ह्याच वाक्यात गेले. दुधाचे दात वीस. पुढचे सहाव्या-सातव्या वर्षी हलू लागतात हे खरं, पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात. साडेचाराव्या वर्षी किडलेल्या दाढेला अजून सहा वर्षं चावायचं काम करायचंय. ती लवकर काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खालच्या पक्क्या दाताची वाट अडते. मग जागा राखायला तारेची कडी बसवावी लागते, म्हणजे आणखी फेऱ्या.

दुसरा घोटाळा सहाव्या वर्षीच्या दाढेचा. ही पक्की दाढ कुठलाही दात न पडता, सगळ्यात मागे गुपचूप उगवते. तिला दुधाची समजून सोडून देणारे खूप. ती आयुष्यभराची आहे.

थांबण्याचा सगळ्यात मोठा तोटा दुखण्याशीच जोडलेला आहे. कीड वरवर असते तेव्हा पाच मिनिटांत, बऱ्याचदा सुईशिवाय काम होतं. आत पू झाला की तिथली जागा आम्लधर्मी होते आणि बधिर करायचं औषध नीट चढत नाही. म्हणजे मुलाला दुखू नये म्हणून आपण जे काम पुढे ढकलतो, ते ढकलल्यामुळेच जास्त दुखतं.

गालावरची सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली पसरत असेल, ताप असेल, तोंड उघडत नसेल किंवा गिळायला त्रास होत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आत्ता रुग्णालय गाठा.

२. डॉक्टर निवडताना पाटीवरची अक्षरं वाचा

दातांचे सगळेच डॉक्टर मुलांचे दात बघू शकतात, पण मुलांच्या दातांचा वेगळा विषय आहे. बीडीएसनंतर तीन वर्षांचं एमडीएस त्याच विषयात केलेले असतात ते पीडोडॉन्टिस्ट, म्हणजे बालदंतरोगतज्ज्ञ. त्या तीन वर्षांत रडणाऱ्या, पळणाऱ्या, तोंड मिटून बसणाऱ्या मुलाशी कसं वागायचं हेही शिकवलेलं असतं. तालुक्याच्या गावी असे डॉक्टर रोज नसतात; बरेचदा ठरावीक वारी येतात. तो वार विचारून घ्या.

खर्चाचा प्रश्न असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबईचं नायर दंत महाविद्यालय, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय, अशा ठिकाणी मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग असतो. तिथे रांग मोठी आणि काम सावकाश, कारण शिकणारे डॉक्टर काम करतात आणि वरचे येऊन तपासतात. घाबरलेल्या मुलाला तो सावकाशपणा कधीकधी मानवतोसुद्धा. पण अख्खा दिवस मोकळा ठेवून जा. अंगणवाडीत किंवा शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, ते दातही बघतं. त्यांनी चिठ्ठी दिली तर ती दप्तरात कुजवू नका. हा देशभरचा कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला तो आपल्याच पालघरमधून.

वेळ घेण्याआधी फोनवर तीन गोष्टी विचारा. आईबाबांना आत थांबू देता का? पहिल्याच दिवशी काम करता की आधी ओळख? आणि मूल रडायला लागलं तर काय करता? तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर निर्णय घ्या. 'धरून करावं लागतं हो, काय करणार' असं उत्तर मिळालं तर फोन ठेवून दुसरीकडे लावा. आमच्या दुसऱ्या डॉक्टर म्हणाल्या, 'थांबतो. रडून झालं की बोलतो. नाहीच जमलं तर त्या दिवशी काम करत नाही.'

३. घरातली भाषा बदला

दवाखान्याची सगळीच भीती दवाखान्यात तयार होत नाही, बरीचशी आपण घरून डब्यात भरून नेतो. 'गप्प जेव, नाहीतर डॉक्टरकाका सुई टोचतील.' वरणभात संपवायला वापरलेलं हे हत्यार दोन वर्षांनी आपल्यावरच उलटतं. आधी घरातल्या सगळ्यांना, आजी-आजोबांसकट, ही धमकी बंद करायला सांगा. आमच्याकडे आजोबांनी जत्रेत पकडीने दाढ काढून घेतल्याची कथा अगदी साभिनय सांगितली होती, तीही नातीसमोर, अपॉइंटमेंटच्या आदल्या रात्री.

मग 'अजिबात दुखणार नाही' हे वाक्य. आपण धीर द्यायला म्हणतो, मुलाच्या कानात त्यातला एकच शब्द शिरतो. शिवाय थोडं जरी टोचलं तरी आपण खोटे ठरतो, आणि पुढे आपलं काहीच खरं वाटत नाही. मी नंतर असं सांगायला लागलो: 'डॉक्टरताई दाढेला झोपवणार. झोपवताना चिमटा काढल्यासारखं वाटेल, तू दहा मोजेपर्यंत. मग ओठ जाड-जाड वाटेल.' एवढंच. यातलं काही खोटं नाही आणि काही भयंकरही नाही.

सुई, कापणं, काढून टाकणं, रक्त हे शब्द टाळा. ड्रिलला आमच्या डॉक्टर 'गुणगुणणारा ब्रश' म्हणायच्या, थुंकी ओढणाऱ्या नळीला 'तहानलेला हत्ती', आणि दातावर ताणून बसवायच्या रबराच्या पडद्याला 'दाढेचा रेनकोट'. त्यांचे शब्द आधी विचारून घ्या आणि घरी तेच वापरा. मूल दवाखान्यात ते शब्द ओळखतं तेव्हा अर्धं काम होतं.

पाचेक वर्षांच्या मुलाला फार आधी सांगू नका. एक दिवस पुरतो. आठवडाभर आधी सांगितलं तर आठवडाभर घाबरतं. आदल्या संध्याकाळी खेळ खेळा: मूल मांडीवर आडवं, मोबाइलचा टॉर्च, चमच्याच्या दांड्याने दात मोजायचे. मग पाळी उलटवा आणि तुमचे दात त्याला मोजू द्या. माझ्या लेकीने मला एकोणतीस मोजले.

४. पिशवीत काय हवं

- मुलाचं ताजं वजन, कागदावर लिहून. हे सगळ्यात महत्त्वाचं. कारण पुढे येईल.
- चालू असलेली औषधं, कुठल्या औषधाची ॲलर्जी, दमा, फिट्स, हृदयाला जन्मतः छिद्र, रक्त लवकर न थांबणं, यातलं काहीही असेल तर त्याची फाइल.
- आधीचा दाताचा एक्स-रे काढला असेल तर तो. परत काढायची वेळ वाचते.
- सरकारी ठिकाणी जात असाल तर आधार कार्ड आणि जुना केसपेपर.
- एक जादा कपड्यांचा जोड आणि नॅपकिन. पाणी, थुंकी, अश्रू, सगळं अंगावर येतं.
- एक आवडती वस्तू, हातात धरता येईल अशी. आमच्याकडे कान तुटलेला ससा होता.
- हेडफोन, आणि आधीच उतरवून घेतलेली गोष्ट किंवा गाणी. दवाखान्याच्या तळघरात रेंज नसते.

वेळ सकाळची घ्या. दुपारी चारला, झोपमोड करून नेलेलं मूल कुणाचंच ऐकत नाही. गुंगीचं औषध किंवा पूर्ण भूल ठरलेली नसेल तर हलका नाश्ता द्या. भुकेलं मूल लवकर कळवळतं.

५. पहिली फेरी फक्त ओळखीची असू द्या

ठणका असह्य नसेल तर हा हट्ट धराच. बालदंतवैद्यकात 'सांगा, दाखवा, मग करा' ही पद्धत १९५९ पासून शिकवली जाते. आमच्याकडे ती अशी झाली: आधी खुर्ची वर-खाली करून दाखवली. मग हवेची नळी तिच्या नखावर सोडली, पाण्याची पिचकारी कागदी पेल्यात. हत्तीने तो पेला सुर्रकन रिकामा केला. फिरणारा ब्रश आधी माझ्या नखावर, मग तिच्या नखावर, मग सशाच्या नाकावर आणि मग एका दातावर. वीस मिनिटांत एवढंच. पैसे तपासणीचे घेतले, आणि मला आतून वाटलं होतं की काम तर काहीच नाही झालं. ते चुकीचं होतं.

त्याच दिवशी खूण ठरली: डावा हात वर केला की डॉक्टर थांबणार. लेकीने ती खूण लगेच चारदा तपासून पाहिली आणि डॉक्टर चारही वेळा थांबल्या. पाचव्यांदा तिने हात वर केला नाही. तुमच्या डॉक्टरांनी स्वतःहून खूण ठरवली नाही तर तुम्ही सुचवा. पण मग ती पाळली जातेय ना याकडे लक्ष ठेवा. न पाळलेली खूण नसलेल्या खुणेपेक्षा वाईट. (आता वेणी घालताना गुंता ओढला गेला की माझ्यासमोर डावा हात वर होतो.)

मूल तीन वर्षांच्या आतलं असेल तर खुर्चीची गरजच नसते. तुम्ही आणि डॉक्टर गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसता, मूल तुमच्याकडे तोंड करून मांडीवर, आणि डोकं मागे डॉक्टरांच्या मांडीवर. त्याला तुमचा चेहरा दिसत राहतो. थोडं रडतं, पण रडताना तोंड उघडंच असतं.

६. बधिर करण्याची ती दोन मिनिटं

सगळी भीती इथे येऊन साठते, म्हणून हे बारकाईने सांगतो.

आधी हिरडी कापसाने कोरडी करून बधिर करणारं जेल लावतात. ते लावून एक-दोन मिनिटं थांबायला हवं. ओल्या हिरडीवर लावून लगेच टोचलं तर जेल लावून न लावल्यासारखंच. घाई दिसली तर 'थोडं थांबूया का' असं विचारायला संकोचू नका. (दात येताना दुकानातून आणून लावायची बेंझोकेनची जेलं मात्र दोन वर्षांखालच्या बाळाला लावू नयेत. क्वचित, पण रक्ताची प्राणवायू वाहायची ताकदच घटते.)

मग सुई. दुखतं ते टोचण्यामुळे कमी आणि औषध जोरात ढकलल्यामुळे जास्त. चांगला हात सावकाश चालतो. आमच्या डॉक्टरांनी सुई लेकीच्या डोळ्यांसमोरून नेलीच नाही. सहायक ताईंनी ती हनुवटीखालून दिली. डाव्या हाताने त्यांनी गाल धरून हलवायला सुरुवात केली, गदागदा नाही, पाळणा हलवतात तसा, आणि म्हणाल्या, 'आता पायाच्या अंगठ्याने हवेत तुझं नाव लिही.' लेक पायाकडे बघायला लागली. दोन अक्षरं लिहून होईतो कपाळावर आठी आली, डोळ्यांत पाणी जमलं, डावा हात अर्धा वर आला आणि थांबला. नाव लिहून झालं तेव्हा सुई ताटात परत गेली होती. मी पुढे वाकून बघत होतो म्हणून मला कळलं. तिला विचारलं तर म्हणाली, 'ताईंनी गाल ओढला.'

गाल हलवण्यात गंमत नाही, शास्त्र आहे. हलण्या-दाबण्याची जाणीव त्याच वाटेने मेंदूकडे जाते आणि टोचण्याची जाणीव फिकी पडते.

आता वजनाचं कारण. लिग्नोकेन हे नेहमीचं औषध मुलांना दर किलोमागे ४.४ मिलिग्रॅमच्या आत देतात. १६ किलोच्या मुलाला दोन टक्क्यांचं औषध म्हणजे साडेतीन मिलिलिटर ही वरची हद्द. एका बाजूच्या कामाला यापेक्षा बरंच कमी लागतं, पण 'येण्याजाण्याचा त्रास वाचेल, दोन्ही बाजू आजच करून टाका' असा आग्रह आपण धरतो तेव्हा हा हिशेब आड येतो. डॉक्टर नको म्हणाले तर ऐका.

औषध चढलंय का हे काम सुरू करण्याआधी तपासायला हवं. आणि बधिर केल्यावरही मूल 'दुखतंय' म्हणालं तर ते खरं धरा. 'नाटक करतेय' असं मी पहिल्या दवाखान्यात म्हणालो होतो. दाढेत पू होता. ती नाटक करत नव्हती.

७. सुईशिवायचे दोन मार्ग विचारून ठेवा

सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचं द्रावण किडीवर नुसतं लावतात. कोरणं नाही, सुई नाही, मिनिटभराचं काम. कीड बहुतेकदा तिथेच थांबते, पण दाताचा किडलेला भाग कायमचा काळा पडतो. मागच्या दाढेला कुणाला दिसतंय? पुढच्या दाताला मात्र विचार करून.

दुसरा, हॉल पद्धत. स्कॉटलंडमधल्या नॉर्ना हॉल या दंतवैद्यांच्या नावावरून. दुधाच्या दाढेवर न कोरता, न टोचता स्टीलची टोपी सिमेंटने दाबून बसवतात; आतली कीड बंदिस्त होऊन उपाशी पडते. आधी काही दिवस दाढांच्या फटीत छोटी रबरं घालतात. चावताना एक-दोन दिवस उंच लागतं, मग बसतं. दोन्ही मार्ग कीड दाताच्या आतल्या नसेला पोचलेली नसेल तरच. आम्ही उशीर केल्याने आम्हाला यातलं काही मिळालं नाही.

८. हसवणारा वायू, गुंगी आणि पूर्ण भूल

हे तीन वेगळे प्रकार आहेत, एकात एक मिसळू नका.

हसवणारा वायू, म्हणजे नायट्रस ऑक्साइड, नाकावरच्या मास्कमधून प्राणवायूबरोबर देतात. मूल जागं असतं, बोलतं, पण सैलावतं. शेवटी पाच मिनिटं नुसता प्राणवायू देतात आणि मूल चालत घरी येतं. नवं खूळ नाही हे: १८४४ साली होरेस वेल्स या अमेरिकन दंतवैद्याने हा वायू घेऊन स्वतःचीच दाढ काढून घेतली होती. सर्दीने नाक चोंदलेलं असेल तर मात्र उपयोग शून्य, तारीख बदला. अगदी लहान किंवा मास्कच लावू न देणाऱ्या मुलालाही हा चालत नाही.

गुंगीसाठी बहुतेकदा मिडाझोलम पाजतात. इथे विचारायचं ते असं: काम चालू असताना मुलाच्या श्वासाकडे कोण बघणार? दात करणाऱ्या डॉक्टरांशिवाय दुसरी प्रशिक्षित व्यक्ती हवी आणि बोटाला प्राणवायू मोजणारी चिमटी हवी. दोन्हीपैकी एक नसेल तर मी तरी नाही म्हणेन.

पूर्ण भूल ही बरेच दात किडलेल्या फार लहान मुलांसाठी, किंवा काही विशेष गरजा असणाऱ्या मुलांसाठी. ती रुग्णालयात, भूलतज्ज्ञांच्या हाताखाली, बालरोगतज्ज्ञांचा फिटनेस घेऊन. उपाशी ठेवायचा सर्वसाधारण नियम असा: हलकं खाणं आणि गाई-म्हशीचं दूध सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास, साधं पाणी दोन तास. तुमच्या भूलतज्ज्ञांनी वेगळं सांगितलं तर त्यांचं खरं. सापळा: रिक्षात बसताना प्रेमाने हातावर ठेवलेलं एक बिस्किट. त्याने पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत जाऊ शकतं, म्हणून ऑपरेशन रद्द होतं. खाल्लं असेल तर लपवू नका.

९. खुर्चीजवळ तुमचं काम: गप्प बसणं

हे मला सगळ्यात अवघड गेलं. डॉक्टर बोलत असताना आपणही 'काही नाही हं बाळा, झालं हं, झालंच' सुरू केलं की मुलाला दोन आवाज ऐकू येतात आणि आपला आवाज कापत असतो. पायाशी बसा, एक हात पोटरीवर ठेवा, श्वास सावकाश घ्या. तुम्हालाच दातांची भीती असेल तर आत घरातलं दुसरं कुणी जाऊ द्या. त्यात कमीपणा नाही.

शहाणं बाळ, शूर बाळ अशी मोघम स्तुती मुलाच्या हाती काही देत नाही. 'तू तोंड मोठं उघडलंस म्हणून ताईंना पटकन दिसलं', असं नेमकं सांगितलं तर पुढच्या वेळी ते नेमकं तेच करतं. रडलं म्हणून रागावू नका. रडत रडत तोंड उघडं ठेवणारं मूलही मदतच करत असतं.

१०. घरी आल्यावरची चूक, जी आम्ही केली

दाढ झोपते तसा ओठ आणि जीभही झोपते, आणि ती दोन-तीन तास, कधी जास्तही झोपलेली राहतात. लेकीला तो जाड ओठ भलताच आवडला. गाडीत मागे बसून तिने तो चघळला, मी आरशात बघून हसलो. संध्याकाळी ओठ जांभळाएवढा सुजला होता आणि दुसऱ्या दिवशी त्यावर पिवळट-पांढरा थर. पू झाला समजून मी रात्री डॉक्टरांना फोन केला. तो पू नव्हता, चावल्याची जखम भरून येत होती. आठवडा-दहा दिवसांत गेली, पण दाढेपेक्षा ओठच जास्त दुखला.

म्हणून: पूर्ण जाणीव परत येईपर्यंत चावायचं काही देऊ नका, गाडीत मागे मुलाशेजारी बसा, आणि ओठ चावायला लागलं तर लक्ष दुसरीकडे न्या. भूक लागली तर कोमट पेज किंवा ताक, वाटीने. दात काढला असेल तर स्ट्रॉ नको. ओढण्याने जमलेली रक्ताची गाठ सुटते.

दुखण्याचं औषध बधिरपणा उतरायच्या आत द्यायचं की नंतर, हे निघतानाच विचारा. पॅरासिटामॉल साधारण किलोमागे १५ मिलिग्रॅम, दोन डोसांमध्ये चार ते सहा तासांचं अंतर. इथला सापळा बाटलीवर आहे: काही सिरपमध्ये पाच मिलिलिटरला १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असतं, काहींत २५०. 'एक चमचा द्या' हे शेजारच्या काकूंनी सांगितलं तर कुठल्या बाटलीचा चमचा? लेबल वाचा आणि सोबतच्या मापानेच मोजा. आयब्युप्रोफेन द्यायचं तर खाऊन झाल्यावर, आणि पावसाळ्यात अंगात ताप असेल, डेंग्यूची शंका असेल तर नाहीच. ॲस्पिरिन मुलांना नाही. निमेसुलाइडवर बारा वर्षांखालच्या मुलांसाठी आपल्याकडे २०११ पासून बंदी आहे, तरी घरातल्या डब्यात जुनी पट्टी सापडते. ती मुलाला मोडून देऊ नका.

लवंगेचं तेल हा आजींचा उपाय. मोठ्यांच्या दाढेत कापसाने लावलं तर बरं वाटतं, पण लहान मुलाची हिरडी त्याने भाजते आणि पोटात गेलं तर ते विषारी आहे. आमच्या आजींना हे पटायला वेळ लागला. डॉक्टरांनीच समजावलं, माझं त्यांनी ऐकलं नसतं.

निघण्याआधी काउंटरवर सहा महिन्यांनंतरची तारीख लिहून घ्या, दुखत नसलं तरी. त्या फेरीत बहुतेक वेळा काहीच करत नाहीत: दात मोजतात, फ्लोराइडचा लेप लावतात, खुर्ची वर-खाली करू देतात. आमच्या लेकीने तेव्हा सशाला आधी बसवलं आणि त्याचे दात आधी मोजायला लावले.